वाघाची फिर्याद

पैठणचे नाव आज नाथषष्ठीच्या वारीमुळे आणि पैठणीच्या पदरामुळे सर्वतोमुखी असले, तरी कथा सांगण्याच्या आणि ऐकण्याच्या व्यवहारात त्या नगरीचा जो मान आहे तो या दोहोंहून पुष्कळ जुना आहे. सोमदेवाने अकराव्या शतकात काश्मिरात रचलेल्या ‘कथासरित्सागरा’च्या आरंभीच ती हकीकत येते. प्रतिष्ठानच्या, म्हणजे याच पैठणच्या, सातवाहन राजाचा मंत्री गुणाढ्य एका पैजेत हरला आणि पणात कबूल केल्याप्रमाणे संस्कृत, प्राकृत व देशभाषा या तिन्हींचा त्याग करून विंध्याच्या अरण्यात गेला. तेथे पैशाची भाषेत, शाई मिळेना म्हणून स्वतःच्या रक्ताने, त्याने सात लाख श्लोकांची बृहत्कथा लिहिली. राजाने ती तुच्छतेने परत पाठविली. तेव्हा त्या मानी पुरुषाने टेकडीवर अग्निकुंड पेटवून एकेक पान आधी मोठ्याने वाचावे आणि मग अग्नीत टाकावे असा क्रम आरंभिला, आणि अरण्यातील हरणे, रानडुकरे, रेडे चरणे विसरून, त्याच्याभोवती कडे करून, अश्रू ढाळीत ऐकत राहिले. इकडे राजा आजारी पडला. वैद्यांनी निदान केले की मुदपाकखान्यात येणारे मांस सत्त्वहीन झाले आहे. आचाऱ्यांनी पारध्यांवर ठपका ठेवला, पारध्यांनी जनावरांवर, आणि जनावरांना जबानी देता आली असती तर त्यांनी तो कथेवर ठेवला असता. राजा धावत गेला तोवर सहा लाख श्लोकांची राख झाली होती.

पंडित या हकीकतीकडे एका नष्ट ग्रंथाचा शोक म्हणून पाहतात, आणि ते योग्यच आहे. परंतु मला तिच्यातील निराळीच गोष्ट विचारणीय वाटते, ती ही की कथेचे श्रवण आणि कोणाचे तरी भोजन यांचा संबंध आपल्या परंपरेने इतक्या आरंभीच नोंदवून ठेवला आहे. आमच्या घरांतून वाचल्या जाणाऱ्या आदित्यराणूबाईच्या कहाणीतही, कहाणी ऐकणारे कोणी भेटल्यावाचून सांगणारीला जेवता येत नाही, आणि ऐकणारा शोधायचा तोही उपाशीच. श्रवणाला नवविधा भक्तीत पहिले स्थान देणाऱ्या आणि समर्थांनी दासबोधाच्या चौथ्या दशकाचा प्रारंभ ज्या श्रवणभक्तीने केला तिची थोरवी गाणाऱ्या समाजाला हा संबंध अपरिचित नसावा. तरीही त्याच्याकडे माझे लक्ष वेधले ते कोणा शास्त्रीबुवांनी नव्हे, तर अद्याप अक्षरे न लागणाऱ्या माझ्या नातीने, आणि तेही भोपळ्यात बसून लेकीच्या घरून परतणाऱ्या म्हातारीचे चित्रमय पुस्तक मांडीवर उघडे असताना.

ती गोष्ट महाराष्ट्रात कोणास सांगावयास नको. वाळकी, काठी टेकीत चाललेली म्हातारी. वाटेत आडवा आलेला वाघ. आता माझ्या अंगावर मांस नाही, लेकीकडे जाऊन तूपरोटी खाऊन धष्टपुष्ट होऊन येते, मग मला खा, असा तिने केलेला मुदतीचा अर्ज. वाघाने विनातारण, विनाजामीन दिलेली मंजुरी. आणि परतीच्या वाटेवर तो टुणटुण उड्या घेत जाणारा भोपळा, ज्याने वाघालाच तोंडावर सांगावे की म्हातारी-बितारी मी कोणी पाहिली नाही. आमच्या हाती असलेल्या पुस्तकात शेवटच्या जोडपानावर म्हातारी आपल्या घरात पाय पसरून बसली आहे, चुलीवर काहीतरी शिजत आहे, भोपळा उंबऱ्यापाशी उलटा पडला आहे. आणि उजव्या पानाच्या अगदी कोपऱ्यात, करवंदीच्या जाळीआड, बोटाच्या पेराएवढा वाघ पाठमोरा बसलेला आहे. मजकुरात त्याचा उल्लेख नाही. म्हातारी सुखरूप घरी पोचली, एवढ्यावर लेखकाने पूर्णविराम दिलेला आहे आणि मीही अनेकदा तेवढेच वाचून पुस्तक मिटलेले आहे, कारण अक्षरे येणाऱ्या माणसाची दृष्टी अक्षरे संपली की पानावरून उठते. नातीने मात्र त्या वाघावर बोट ठेवले आणि विचारले, “आजोबा, मग वाघाने काय खाल्ले?”

या प्रश्नाला उत्तर देण्याच्या निमित्ताने मी प्रथम जे केले ते कोणताही सुशिक्षित मराठी गृहस्थ करील तेच, म्हणजे भलत्याच प्रश्नाचे उत्तर मनाशी तयार केले. मला वाटले, मुलीला म्हातारीचे खोटे बोलणे खटकले असावे; आणि त्या खटल्यात म्हातारीची बाजू मांडण्यास शास्त्राधार हवा तेवढा आहे. कर्णपर्वात श्रीकृष्ण अर्जुनाला कौशिकाची कथा सांगतो, ती अशी की सदैव सत्य बोलण्याचे व्रत घेतलेल्या या तपस्व्याला चोरांनी विचारले की जीव घेऊन पळालेली माणसे कोणीकडे गेली, आणि त्याने ती दडली होती ती झाडी दाखविली; माणसे मारली गेली आणि सत्यवादी कौशिक नरकात गेला. प्राणसंकटात अनृताला मुभा आहे असे त्याच प्रसंगी स्पष्ट म्हटलेले आहे. तेव्हा म्हातारी निर्दोष सुटते, आणि शिवाय ती वृद्ध, एकटी, निःशस्त्र; बुद्धीवाचून तिच्यापाशी दुसरे हत्यार नव्हते. हा सगळा युक्तिवाद बिनतोड असला तरी नातीच्या प्रश्नाला तो स्पर्शही करीत नाही, कारण तिने म्हातारीवर फिर्याद केलीच नव्हती. म्हातारी वाचली याचा तिला निखळ आनंद होता. तिची विचारपूस वाघाविषयी होती.

भुकेल्या श्वापदाकडून मुदत मागून घेण्याची ही कल्पना एकट्या म्हातारीची नव्हे. श्रावण वद्य चतुर्थीला, जिला बहुला चतुर्थी म्हणतात, त्या दिवशी सांगितल्या जाणाऱ्या कथेत बहुला गाय वाघाच्या तावडीत सापडते, वासराला एकदा पाजून येते म्हणून वचन देते, आणि वासराला शेजारणींच्या हवाली करून खरोखरच परत येते. आमच्या शहरापासून सुमारे शंभर किलोमीटरांवर, अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात, सुतसोम जातकाची चित्रे आहेत. त्यात सिंहिणीच्या पोटी जन्मलेला नरभक्षक सौदास राजा सुतसोमाला पकडतो, सुतसोम एका ब्राह्मणाकडून गाथा ऐकण्याचे कबूल करून बसला होता म्हणून तेवढ्यापुरती रजा मागतो, गाथा ऐकतो, त्यांचे मोल चुकवितो, आणि मरणासाठी परततो. श्रवणासाठी मरणाची मुदत मागणारा दुसरा राजा मला ठाऊक नाही. आणि या शहरातील मुस्लिम वस्त्यांतून आठवे इमाम रझा यांना जामिन-ए-आहू, हरिणीचे जामीनदार, या बिरुदाने ओळखणारे वडीलधारे अद्यापि भेटतात: पारध्याच्या फासात सापडलेली हरिणी पाडसांना पाजून येण्याची परवानगी मागते, इमाम तिच्यासाठी स्वतः जामीन राहतात, आणि ती ठरल्या वेळी, काही सांगण्यांत पाडसांसह, हजर होते.

या चार कथांत तिघे वचन पाळतात, एक मोडते, आणि मुलांची सर्वांत लाडकी आहे ती मोडणारीच. यावरून मुलांना असत्य आवडते असा निष्कर्ष काढणारा मनुष्य मुलांमध्ये फारसा बसलेला नसावा. मला या चौघांत जो खरा भेद दिसतो तो सत्यासत्याचा नसून श्वापदाच्या निकालाचा आहे. वचन पाळणाऱ्यांच्या प्रत्येक कथेत शेवटी श्वापद श्वापद राहतच नाही. सौदास गाथा ऐकून नरमांस सोडतो. पुराणात बहुलेचा वाघ हा शापित राजा निघतो आणि शापमुक्त होऊन मनुष्यरूपाला जातो. पारध्याचे हृदय पालटते. आणि आमच्या शेजारच्या कर्नाटकात हीच गाय पुण्यकोटी या नावाने गायिली जाते, त्या गीतातील वाघ तर लज्जित होऊन आपणच प्राण देतो. ज्याची भूक कथेला अडचणीची होती त्याचे एकतर रूपांतर झाले किंवा देहावसान. अजिंठ्याच्याच १ क्रमांकाच्या लेण्यात शिबी राजाची कथा रंगविलेली आहे. महाभारतात तिचा जो पाठ आहे त्यात ससाण्याने वाघाची बाजू इतक्या परखडपणे मांडली आहे की वकिलाची जरूर पडू नये: कबुतराला अभय देणे हा तुझा धर्म असेल, परंतु ते माझे विहित अन्न आहे, आणि मी उपाशी मेलो तर माझी बायकापोरेही मरतील, मग हा कसला धर्म? राजा निरुत्तर होतो आणि तराजूत स्वतःचे मांस घालतो. इतका सरळ जाब अन्यत्र क्वचितच विचारला गेला असेल. आणि तरीही शेवटी ससाणा म्हणजे इंद्र निघतो, कबुतर म्हणजे अग्नी निघतो, भूक ही केवळ परीक्षा होती असे ठरते, आणि जाब विचारणाराच खोटा ठरल्यामुळे त्याची फिर्याद दप्तरदाखल होते.

लोककथा असे करीत नाही. म्हातारीचा वाघ शापित राजा नाही, देव नाही, पश्चात्तापाने मरत नाही. तो वाघ आहे, फसलेला आहे, आणि उपाशी आहे. उद्याही त्याच वाटेवर असेल, आणि म्हातारीला लेकीकडे पुन्हा जावयाचे झाले तर पुन्हा काही युक्ती शोधावी लागेल. धर्मकथा सृष्टीतील हिंसेचा निकाल लावून देते. लोककथा तो निकाल राखून ठेवते, आणि तरीही रात्री मुलाला झोप येते. या दोहोंपैकी एक श्रेष्ठ व दुसरी कनिष्ठ असे मी म्हणत नाही. मला एवढेच म्हणावयाचे आहे की एकाने जगावे म्हणून दुसऱ्याने उपाशी राहावे, हे ज्या सृष्टीत घडते तिला न्यायी म्हणावे काय, हा प्रश्न लहान मुलाला प्रथम भेटतो तो बहुधा अशाच एखाद्या पानावर, आणि तो त्याला तेथे कोणत्याही उत्तरावाचून भेटतो, ही लोककथेची मोठी देणगी आहे.

येथे चित्राचे महत्त्व सांगितले पाहिजे. गोष्ट तोंडाने सांगणारी आजी पुढे पुढे जाते. तिच्या कथनात वाघ मागे पडला की पडला, आणि ऐकणाऱ्याने “थांब” म्हटले तरी आवाज काही जागेवर राहत नाही. चित्र राहते. शब्दांनी ज्याला सोडून दिले त्याला ते सोडीत नाही. चित्रकथी परंपरेला हे पूर्वापार ठाऊक होते. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लासा’त चित्रकथकांचा निर्देश आहे, सिंधुदुर्गातील पिंगुळीचे ठाकर कलावंत, ज्यांच्यापैकी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, अद्यापि एकेका आख्यानाची चित्रे ‘पोथी’ म्हणून बांधून ठेवतात आणि श्रोत्यांपुढे एकेक उभे करून आख्यान लावतात, आणि या शैलीच्या चित्रांचा एक मोठा वर्ग तर ‘पैठणी चित्रे’ याच नावाने ओळखला जातो, ज्यांचा उत्तम संग्रह पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात आहे. अजिंठ्याच्या भिंतींवर तर कथा ओळीने लावलेलीही नाही. एकच राजा एकाच भिंतीवर पुनःपुन्हा दिसतो, डोळ्याला वाटेल तेथून प्रवेश आणि वाटेल तेथे मुक्काम. सुतसोमाच्या चित्रात निद्रिस्त राजाचे पाय चाटणारी सिंहीण आहे. तिच्यापुढे उभे राहिलेल्या शाळकरी मुलांना पुढे सरकविताना मार्गदर्शकांची जी त्रेधा उडते ती मी पाहिली आहे. निजामाच्या पुराणवस्तू खात्याचे संचालक गुलाम याझदानी यांनी १९३० पासून चार भागांत अजिंठ्याची चित्रे छापून काढली. ते ग्रंथ विद्वानांसाठी असले तरी मला स्वतःला ती या मुलखातली सर्वांत भव्य बालचित्रपुस्तके वाटत आली आहेत, फक्त ती उचलावयास दोन माणसे लागतात.

घरी जे सहज घडते ते शाळेत घडू नये अशी योजना मात्र आम्ही फार काळजीपूर्वक केलेली आहे. वर्गात गुरुजी किंवा बाई पुस्तक उंच धरतात, मागच्या बाकावरच्यांना वाघ दिसत नाही, म्हणून मुले पुढे झेपावतात, त्यांना जागेवर बसविण्यात निम्मा तास जातो, आणि उरलेल्या निम्म्यात विचारले जाते, या गोष्टीचे तात्पर्य काय? मुले हुशार असतात. तात्पर्य म्हणजे काय हवे आहे हे त्यांनी केव्हाच ओळखलेले असते. शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ, असे ती एका सुरात म्हणतात आणि वही मिटतात. एका शाळेत मी एका मुलाला दबक्या आवाजात असे म्हणताना ऐकले की भोपळ्याला डोळे कोणी पाडले असतील, आतून की बाहेरून. तो प्रश्न तात्पर्याच्या रकान्यात बसणारा नसल्यामुळे कोणी घेतला नाही. १९२० नंतरच्या दशकात भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी जे एकत्र कार्य केले, त्यात गोष्टीला बालशिक्षणात स्वतःच्या हक्काचे स्थान होते, बोधाच्या वशिल्याने मिळालेले नव्हे. ताराबाईंचे नाव घेऊन आम्ही शताब्द्या साजऱ्या केल्या, रकाना मात्र जागचा हलला नाही. वस्तुतः तात्पर्य विचारणे म्हणजे वाघ, म्हातारी, भोपळा, करवंदीची जाळी हे सर्व टरफल मानून फेकून देणे होय, आणि आतला म्हणून जो दाणा हाती राहतो तो इतका वाळलेला असतो की तो कोणत्याही दुसऱ्या गोष्टीतून काढला असता तरी चालला असता.

२०२१ च्या जानेवारीत, शाळा महामारीमुळे बंद असताना, आमच्या शहरातील बायजीपुरा भागात एका शाळकरी मुलीने आपल्याजवळच्या पुस्तकांवर मुलांसाठी मोहल्ला वाचनालय सुरू केले, आणि पुढील काही वर्षांत निरनिराळ्या वस्त्यांत तशी तिसांहून अधिक वाचनालये उभी राहिली. उर्दू, मराठी, हिंदी अशी पुस्तके तेथे एकाच फळीवर असतात. अशाच एका वस्तीतील मुलांपुढे मी एकदा बहुलेची गोष्ट चित्रे दाखवीत सांगत असता, गाय परत निघाली त्या पानावर एक मुलगा उठून म्हणाला, “ये तो हिरनी का किस्सा है ना!” आणि त्याने पुढची कथा, जामिनासकट, स्वतःच सांगून टाकली. मग वाद झाला तो गाय की हरिणी असा नव्हता, तर वाघ आणि पारधी यांपैकी अधिक भुकेला कोण, असा. पारध्याला घरी जाऊन डाळ खाता येते, वाघाला येत नाही, असे एका मुलीचे म्हणणे पडले, आणि ते सर्वांना पटले. पंचतंत्र पहलवीत, पहलवीतून आठव्या शतकात इब्नुल मुकफ्फाच्या हाती अरबीत आणि पुढे फारसीतून उर्दूत गेले, वाटेत त्याच्या हस्तलिखितांत रंगीत चित्रे भरली गेली, हा इतिहास त्या मुलांना सांगण्याची मला तेव्हा इच्छा झाली होती. परंतु वाघाच्या डाळीपुढे तो फिका पडला असता, म्हणून मी तो आवरला.

आता एक आक्षेप गंभीर आहे आणि त्याला टाळणे बरे नव्हे. कोवळ्या मनाला असे निरुत्तर प्रश्न देऊन त्याच्या ठिकाणी भय किंवा अश्रद्धा निर्माण होणार नाही काय? हा आक्षेप मनावर घेऊन अलीकडे काही पुस्तकांतून वाघ आणि म्हातारी यांची मैत्री लावून दिलेली असते. वाघ खिचडी खातो, म्हातारी वाढते, आणि शेवटच्या पानावर दोघे हसत असतात. हेतू सद्भावनेचा आहे यात संशय नाही. परंतु पुराणकाराने वाघाला राजा केले तेव्हा त्याची किंमत बहुलेकडून घेतली होती, ती मरणाच्या दारापर्यंत चालत गेली होती. शिबीने मांडीचे मांस कापून दिले होते. पुण्यकोटीच्या वाघाने स्वतःचा जीव दिला होता. खिचडीच्या वाघासाठी कोणी काहीच दिलेले नाही. फुकटच्या समेटावर मुले विश्वास ठेवीत नाहीत, ती फक्त मोठ्यांच्या समाधानासाठी मान डोलावतात, आणि जी श्रद्धा मान डोलावण्यापासून सुरू होते तिच्यापेक्षा जाळीआडच्या पाठमोऱ्या वाघाकडे टक लावून पाहणारी अश्रद्धा मला अधिक धार्मिक वाटते. शिवाय भयाचे म्हणाल तर, मांडीवर बसून, हाताला हात लावून पाहिलेला वाघ आणि एकट्याने पाहिलेला वाघ यांत अंतर आहे. पुस्तक मुलाच्या हाती देऊन बाजूला होणे आणि मुलासह पुस्तकापाशी बसणे ही दोन निराळी कर्मे आहेत, आणि मी या लेखात केवळ दुसऱ्याविषयी बोलत आहे.

नातीला मी काय उत्तर दिले, असे कोणी विचारील. मी तिला म्हटले की मला ठाऊक नाही, तुला काय वाटते? तिने बराच विचार करून सांगितले की त्याने त्या दिवशी काहीच खाल्ले नाही, आणि मग पान उलटे फिरवून वाघ पहिल्यांदा जेथे येतो तेथून पुन्हा वाचावयास फर्माविले. बहुलेचे पुस्तकही आमच्या घरात आहे, आणि दोन्ही एकाच संध्याकाळी वाचावीत असे माझे मत आहे. मात्र म्हातारीचे आधी. बहुलेचे आधी वाचले की मुले म्हातारीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभी करतात आणि भोपळ्याच्या उड्यांना हसत नाहीत. म्हातारीचे आधी वाचले तर हसून झाल्यावर, गाय खरोखर परत निघाली त्या पानावर, ती आपण होऊन गप्प होतात आणि मग वाघाकडे पाहतात, हे मी दोन्ही क्रमांनी वाचून पाहिले आहे.